आधी जागा, मग घर

(कापडे येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितले, "तू इतकी वर्षे मुंबईत इमारतींचे नकाशे काढलेस, आता त्यातलेच काहीतरी आम्हाला समजेल असे सांग." म्हणून विषय घेतला आहे, माणूस घर बांधायला कसा शिकला. अगदी पहिल्या आडोशापासून ते साधारण दोन हजार वर्षांपूर्वीपर्यंत. विषय लांबलचक आहे, पण घाबरू नका. इजिप्त, ग्रीस, रोमला आपण उभ्या उभ्या जाऊन येऊ. मुक्काम मात्र महाड-पोलादपुरातच करू.

आपल्याकडे इतिहास म्हटला की मान आपोआप गडाकडे वळते. वळणारच. एका अंगाला प्रतापगड, दुसऱ्या अंगाला रायगड आणि मध्ये तानाजीरावांचे उमरठ. अशा मुलखात वाढलेल्या मुलांना इतिहास वेगळा शिकवावा लागत नाही. पण या गडांच्या कितीतरी शतके आधी सावित्रीच्या खोऱ्यात माणसे राहत होती, कातळ फोडत होती, पाणी साठवत होती. त्यांच्याकडून घर बांधणाऱ्याने काय शिकावे, एवढेच आज सांगणार आहे.

कोणतेही घर बांधायचे तर चार प्रश्न सोडवावे लागतात. पहिला, जागा कोणती? दुसरा, पाण्याचे काय? म्हणजे प्यायच्या पाण्याचे आणि डोक्यावर पडणाऱ्या पाण्याचेही. तिसरा, छपराचा भार सुखरूप जमिनीपर्यंत कसा न्यायचा? आणि चौथा, घर दिसेल कसे? माझ्या धंद्यात गिऱ्हाईक येते ते बहुतेक वेळा चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करते. मोबाईलवर एखाद्या बंगल्याचा फोटो दाखवते आणि म्हणते, असे पाहिजे. जुन्या माणसांचा क्रम उलटा होता. तो क्रम डोक्यात ठेवून पुढचे ऐका.

सुरुवात गुहेपासून करू. भोपाळजवळ भीमबेटका नावाची जागा आहे. १९५७ साली आपल्या मराठी डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांनी ती जगासमोर आणली आणि २००३ साली तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. शेकडो शैलाश्रय, त्यांच्या भिंतींवर चित्रे, आणि हजारो वर्षांच्या वस्तीच्या खुणा. आता मजा अशी की तिथे आदिमानवाने फारसे काही बांधले नाही. त्याने मुख्यतः निवडले. पाऊस कुठून मारतो, वारा कुठून येतो, पाणी किती लांब आहे, श्वापद कुठून येईल, हे सगळे पाहून त्याने शेकडो कपारींतून एक कपार घेतली. स्थापत्य हा जड शब्द आहे, पण त्याचा पहिला धडा एवढाच आहे: जागा निवडता आली पाहिजे. विटा आणि दगड फार नंतर आले.

मग शेती आली. शेत सोडून लांब जाता येईना, आणि शेताजवळ कपार असेलच असे नाही. म्हणून माणसाने आडोसा स्वतः उभा केला. त्याची आपल्या महाराष्ट्रातली सर्वांत चांगली साक्ष शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगावला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही त्यातली मोठी नावे. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षांची वस्ती त्यांना सापडली. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. जमिनीत रोवलेल्या लाकडी मेढी, त्यांच्यामध्ये कुडाच्या भिंती, वर मातीचा गिलावा आणि गवताचे छप्पर. घरात चूल. धान्याच्या कणग्या ठेवायला मातीचे गोल ओटे, आणि रांजण टेकवायला चार सपाट दगड.

मंडळी, हे ऐकताना तुम्हाला कोणाचे घर आठवले? मला तर वाडीतली निम्मी घरे आठवली. कारवीचा कुड, शेणाने सारवलेली जमीन, ऐनाचे वासे, वर पेंढा. आपल्या आजीला इनामगावच्या घरात नेऊन बसवले असते, तर तिला चूल कुठे आणि कणगी कुठे हे विचारावे लागले नसते. तीन हजार वर्षांत त्या घरात बदलण्यासारखे फारसे काही उरले नव्हते, इतके ते परिस्थितीला बेतलेले होते.

इनामगावची आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. भरभराटीच्या काळात तिथे ऐसपैस चौकोनी घरे होती. एक घर तर पाच खोल्यांचे, शेजारी कोठार असलेले. ते गावप्रमुखाचे असावे, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे. नदीचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी पाटही काढला होता. पुढे, इसवी सनापूर्वी १००० नंतर, हवामान कोरडे होत गेले, शेती भागेना, आणि त्याच गावात लहान लहान गोल झोपड्या आल्या. म्हणजे माणूस झोपडीतून वाड्यात आणि वाड्यातून महालात असा सरळ जिना चढत गेला, हे खरे नाही. पाणी आटले की घर लहान होते. आपल्या खोऱ्यातली कितीतरी घरे आज कुलूप लावून मुंबई-पुण्याकडे बघत बसली आहेत. त्यांच्याकडे पाहिले की इनामगावचे लोक फार लांबचे वाटत नाहीत.

आता थोडे बाहेर जाऊ. तुर्कस्तानात चाताल्ह्योयूक नावाचे नऊ हजार वर्षांपूर्वीचे गाव सापडले आहे. तिथे घराला घर इतके चिकटलेले की रस्ताच नाही. लोक छपरावरून चालत आणि शिडीने घरात उतरत. कोरड्या मुलखात असे सपाट मातीचे छप्पर चालते. आपल्याकडे पहिल्या आर्द्रा नक्षत्रालाच त्याचा चिखल झाला असता. म्हणून दुसऱ्याचे घर सुंदर दिसले तरी आधी त्याचे आभाळ पाहावे.

बलुचिस्तानात मेहरगढला साधारण तितक्याच जुन्या काळात उन्हात वाळवलेल्या विटा दिसतात. पुढे सिंधू खोऱ्यातल्या लोकांनी वीट भाजली आणि तिचे माप ठरवले. उंची एक, रुंदी दोन, लांबी चार. हडप्पा, मोहेंजोदडो, ढोलावीरा, शेकडो कोसांचे अंतर, तरी विटेचे प्रमाण हेच. मोहेंजोदडोचे प्रसिद्ध स्नानकुंड सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि अडीच मीटरच्या आसपास खोल आहे. गळू नये म्हणून त्याला डांबराचा थर दिला होता. पण मला त्या कुंडापेक्षा त्यांची गटारे जास्त आवडतात. घराघरातून सांडपाणी बाहेर येते, गल्लीतल्या झाकलेल्या गटाराला मिळते, आणि गटार साफ करायला मध्ये मध्ये जागा सोडलेली आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वी! घर बांधताना पाण्याला वाट आधी दिली पाहिजे, हे त्यांना पक्के माहीत होते. या संस्कृतीचा दक्षिणेकडचा शेवटचा धागा आपल्या महाराष्ट्रात येतो. प्रवरेकाठच्या दायमाबादला उत्तर हडप्पाकालीन वस्ती मिळाली. १९७४ साली तिथे सापडलेला काशाचा बैलांचा रथ तुम्ही चित्रात पाहिला असेल.

वीट झाली, आता दगड. इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी सुमारे २६५० मध्ये जोसेर राजासाठी पायऱ्यांचा पिरॅमिड बांधला गेला. त्याचे श्रेय इम्होटेप या त्याच्या अधिकाऱ्याला देतात. जगात इतके मोठे बांधकाम पूर्ण घडीव दगडात प्रथमच होत होते. त्याच्या आवारात एक गंमत आहे. दगडी खांब आहेत, पण ते लव्हाळ्यांच्या जुड्या बांधाव्यात तसे घडवलेले. दगडी छत आहे, पण त्याला खालून ओंडक्यांचा आकार दिलेला. का? कारण त्या गवंड्यांच्या आज्या-पणज्या लव्हाळ्याच्या आणि लाकडाच्या घरात राहिल्या होत्या. हातात दगड आला तरी डोळ्यांसमोर घर तेच होते. ग्रीकांचेही तसेच. त्यांच्या दगडी देवळांच्या माथ्यावर तीन पट्ट्यांची जी नक्षी दिसते, ती जुन्या लाकडी तुळयांच्या टोकांची आठवण आहे, असे रोमन ग्रंथकार विट्रुव्हियस सांगतो.

दगडाला लाकडाची आठवण येते, हे वाक्य लक्षात ठेवा आणि आता घरी परत या. बोरघाटात भाजे आणि कार्ले पाहिलेल्यांनी हात वर करा. बरेच आहेत. भाज्याचे चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. त्याचे खांब नीट पाहिलेत तर ते वरच्या बाजूला किंचित आत कललेले आहेत. दगडात कोरलेल्या खांबाला कलायची काहीच गरज नाही. डोंगरच त्याला धरून आहे. पण लाकडी घरात गोल छपराचा रेटा बाहेरच्या बाजूला येतो, म्हणून मेढी आत कलवून रोवाव्या लागतात. पाथरवटाने ती लाकडी घराची सवय दगडात उतरवली. एवढेच करून तो थांबला नाही. छताच्या कमानीला खऱ्या लाकडाच्या फासळ्याही बसवल्या. कार्ल्याला तशा लाकडी फासळ्या आपण आजही पाहू शकतो.

कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आहे, १४ मीटरच्या आसपास उंच. तिथल्या शिलालेखांत व्यापारी आहेत, गांधी म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारे आहेत, भिक्षू आहेत, आणि धेनुकाकटचा सामी नावाचा एक वढकी म्हणजे सुतार आहे. त्याने लेण्याचे दार केले, अशी नोंद आहे. विदर्भात आजही सुताराला वाढई म्हणतात, तो हाच शब्द. राजांची नावे आपण पाठ केली. पण दोन हजार वर्षे एका सुताराचे नाव बापाच्या नावासकट दगडावर टिकून आहे, याचा मला माझ्या धंद्यामुळे थोडा जास्त आनंद होतो.

लेणे कोरतात कसे, हेही दोन वाक्यांत सांगतो. घर आपण खालून वर बांधतो. लेणे वरून खाली येते. आधी छत, मग भिंती आणि खांब, शेवटी जमीन. त्यामुळे छताला परांची लागत नाही. पाथरवट न फोडलेल्या कातळावर उभा राहूनच काम करतो आणि काम उरकत खाली उतरतो. चूक झाली तर दगड परत चिकटवता येत नाही. आपला सह्याद्रीचा काळा कातळ लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला आहे. त्यातला एकसंध, भेगा नसलेला थर हेरणे हे खरे कसब. म्हणजे पुन्हा पहिला प्रश्न: जागा.

आता आपल्या दाराशी येऊ. महाडजवळ, हायवेला लागूनच, पाले गावच्या डोंगरात गांधारपालेची लेणी आहेत. सुमारे तीस लेणी, तोंड पूर्वेला. समोर गांधारी आणि सावित्रीचा सपाट मुलूख. एस.टी.च्या खिडकीतून आपण ती शेकडो वेळा पाहिली. "ती बघ लेणी" म्हटले आणि पुढे गेलो. वर चढून गेलेले थोडेच. महाडच्या दुसऱ्या बाजूला, सावित्रीपलीकडे, कोल गावालाही लहान लेणी आहेत. महाडलाच लेणी का? कारण बाणकोटच्या खाडीतून गलबते सावित्रीने महाडपर्यंत येत. तिथून माल घाटावर चढे. घाटावर जाणाऱ्या जुन्या वाटांपैकी पारघाटाची वाट तर आपल्या पोलादपूरवरून जाते. व्यापाराची वाट, थांबणारे तांडे, दान देणारे हात, आणि पावसाळ्यात फिरणे थांबवून एका जागी राहणारे भिक्षू. लेणे म्हणजे मुळात पावसाळ्याचे घर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात त्यांनी असे घर शोधले की ज्याचे छप्पर कधी शाकारावे लागणार नाही!

गांधारपालेला एक शिलालेख आहे. कुमार विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या आणि दोन्ही बाजूंना पाण्याची टाकी दिली, अशी त्यात नोंद आहे. तो साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. दान काय काय दिले ते पाहा. नुसती पूजेची जागा नाही. राहायची जागा आणि पाणीसुद्धा. त्या काळच्या आपल्याकडच्या शिलालेखांतले शब्द ऐका. 'लेण' म्हणजे आपले लेणे. 'चेतियघर' यातले घर म्हणजे आपले घरच. 'ओवरक' म्हणजे खोली. देवळाच्या आवारातल्या ओवऱ्या आपण अजून म्हणतो. 'पोढी' म्हणजे पाण्याचे टाके. विसरलेल्या लिपीतले वाटणारे हे लेख आपल्याच बोलीचे पूर्वज आहेत.

लेण्यांचा आराखडा काढला तेव्हा मला तो कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. पुढे खांबांची ओसरी. तिच्यातून आत मोठी मोकळी जागा. तिच्या भोवती लहान खोल्या, खोलीत झोपायला दगडी ओटा. आता आपले जुने घर आठवा. पुढे पडवी, मग ओटी, आत माजघर, बाजूला खोल्या. पावसाचा मारा पडवीने झेलायचा, माजघर कोरडे ठेवायचे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाथरवटाने आणि आपल्या आजोबांच्या सुताराने एकाच पावसाला एकच उत्तर दिले आहे. गांधारपालेच्या पहिल्या लेण्याच्या ओसरीत काही खांब पूर्ण न घडवता चौकोनीच सोडलेले दिसतात. पुढच्या वेळी गेलात तर त्यांच्याजवळ जरा थांबा. काम कसे पुढे सरकत होते, हे पूर्ण झालेल्या खांबापेक्षा अर्धवट खांबच जास्त सांगतो.

ज्या शतकात महाडला छिन्नी चालू होती, साधारण त्याच शतकात रोमला पँथिऑन उभे राहिले. त्याचा घुमट ४३ मीटर व्यासाचा, मध्ये एकही खांब नाही. ते जमले कमानीमुळे आणि ज्वालामुखीची राख मिसळलेल्या चुन्याच्या काँक्रीटमुळे. दगडाचा स्वभाव असा की तो दाबाला भक्कम आणि वाकायला कमजोर. लांब दगडी तुळई टाकली तर ती मधोमध तडकते. म्हणून इजिप्तच्या आणि ग्रीसच्या देवळांत खांबांची दाटी. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला दाबतो, कोणालाच वाकावे लागत नाही. आपल्या लोकांनी डोंगर आतून पोखरून खांबाविना जागा मिळवली, त्यांनी कमान फिरवून मिळवली.

कमानीची दुसरी बाजू आपल्याला महाडनेच दाखवली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. दोन एस.टी. गाड्या आणि त्यांतली माणसे गेली. ती रात्र इथे कोणालाच सांगायला नको. कमान वरचा भार पेलते, पण तिचा पाय जिथे टेकला आहे ती जागा हलली तर कमानीची सगळी ताकद फुकट. २४ ऑगस्ट २०२० ला महाड शहरातली पाच मजली इमारत कोसळली, सोळा माणसे गेली. भार जमिनीपर्यंत सुखरूप न्यायचा, हा तिसरा प्रश्न पुस्तकातला नाही. तो चुकला तर किंमत माणसे देतात.

पाण्याबद्दल एक गोष्ट राहिली. कान्हेरीला जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी टाके आहे आणि डोंगरावरून वाहणारे पाणी त्यात यावे म्हणून कातळात पन्हळी खोदल्या आहेत. गांधारपालेलाही टाकी आहेत. पाणी साठवण्याची विद्या आपल्याकडे इतकी जुनी. पण महाडचे नाव निघाले की आपल्याला दुसरे पाणी आठवते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले आणि ते सर्वांचे आहे, हे सांगितले. टाके खोदणे छिन्नीने जमते. ते सगळ्यांसाठी खुले ठेवणे ही समाजाची कारागिरी, आणि ती जास्त अवघड. बांधकाम चांगले की वाईट हे ठरवताना त्याचे दार कोणाला उघडे होते, हेही विचारले पाहिजे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. विट्रुव्हियसचा उल्लेख मी मघाशी केला. स्थापत्यावरचा त्याचा ग्रंथ दहा भागांचा आहे. बांधकाम टिकाऊ, उपयोगी आणि सुंदर हवे, हे त्याचे म्हणणे सगळे सांगतात. पण पहिल्याच भागात तो आणखी एक गोष्ट सांगतो. नगर वसवायचे तर आधी जागा निरोगी आहे का ते पाहा; वारा, धुके, दलदल पाहा. रोमचा पंडितही तेच सांगतो, भीमबेटकाचा आदिमानवही तेच सांगतो, गांधारपालेचा पाथरवटही तेच सांगतो. आधी जागा.

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी आपल्या पोलादपूर तालुक्यात केवनाळ्याला आणि साखर सुतारवाडीलाही दरडी कोसळल्या. त्याआधी २००५ च्या जुलैत जुई, दासगाव या गावांनी तेच भोगले होते. या मांडवात बसलेल्यांपैकी कोणी ढिगारे उपसले असतील, कोणी आपले माणूस ओळखले असेल. मी कोणाला दोष देत नाही. डोंगराच्या कुशीतल्या वाड्या हौसेने वसलेल्या नाहीत. खाली भातशेतीची जमीन मोडायची नाही, वर झऱ्याचे पाणी मिळते, म्हणून माणसे तिथे राहिली, आणि पिढ्यान्‌पिढ्या सुखाने राहिली. पण आता पाऊस बदलला आहे, रस्त्यासाठी आणि घरासाठी डोंगराचा पायथा कापला जातो आहे, आणि पूर्वीच्या हलक्या कुडाच्या घराच्या जागी स्लॅबचे जड घर येते आहे. जागेचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारायची वेळ आली आहे.

आपल्यापैकी बरेच जण निवृत्त होऊन गावी घर बांधत आहेत. बांधा, जरूर बांधा, गाव जागे राहील. पण फोटो दाखवण्याआधी चार गोष्टी करा. घराच्या मागचा चढ कापून सपाटी करायची असेल, तर आधी जाणकाराला दाखवा. पावसाळ्यात जिथून ओहोळ किंवा पऱ्या वाहतो, ती जागा उन्हाळ्यात कोरडी दिसली म्हणून बुजवू नका. पाणी आपली वाट विसरत नाही. वाडीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा की या जागेवर पूर्वी घर का नव्हते. आणि पावसाळ्यात जमिनीला नवी भेग पडली, झाडे किंवा विजेचे खांब कलले, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, दारे चौकटीत अडकायला लागली, तर सामान आवरत बसू नका. माणसे घेऊन बाहेर पडा आणि मग तहसीलला कळवा.

शेवटी एक मागणी, आणि ती आपल्या सगळ्यांकडे आहे. आपली जुनी कुडाची, कौलारू घरे दर पावसाळ्यात कमी होत आहेत. ती सगळी राखता येणार नाहीत, आणि त्यात राहणाऱ्यांना आपण मुंबईहून येऊन "पाडू नका" म्हणणेही बरे नव्हे. पण ती मोजून कागदावर तरी ठेवता येतील. लाकडाचे आणि मातीचे काही उरत नाही, म्हणून तर भाज्याच्या दगडातून आपल्याला लाकडी घर ओळखावे लागते. आपल्या तुकडीने शाळेला पन्नास मीटरच्या काही टेपा, आलेखाच्या वह्या आणि कंपास पेट्या द्याव्यात. आठवी-नववीच्या मुलांनी सुट्टीत आपापल्या वाडीतले एक जुने घर मोजावे. जोते किती उंच, मेढी किती, आढे कोणत्या लाकडाचे, पागोळ्यांचे पाणी कुठे जाते, घर कोणी बांधले. शेवटच्या ओळीत सुताराचे नाव लिहावे, कार्ल्याच्या सामीसारखे. पहिली दहा घरे मोजायला मी स्वतः मुलांबरोबर येईन. नकाशा काढायला अर्ध्या दिवसात शिकवता येते. आपल्या गणिताच्या बाईंनी मला भूमिती शिकवली, त्यापेक्षा हे काम कितीतरी सोपे आहे.

अशा पन्नास घरांची वही शाळेच्या कपाटात राहिली, तर ती पुढच्या मुलांना उपयोगी पडेल. घर कसे होते हे त्यांना कळेलच, पण कोणत्या जागेवर होते आणि कोणत्या जागा आपल्या पूर्वजांनी मोकळ्या सोडल्या, हेही कळेल.